तीन मिनिटांची तबकडी

जावयाने नव्या टर्नटेबलच्या सुईखाली इवलासा वजनकाटा सरकवला, आकडा वाचला, दांड्यामागचं वजन केसभर फिरवलं आणि पुन्हा वाचला. हे चौथ्यांदा. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून तासभर सोफ्यावर बसून होते. शेवटी बायकोने दारातूनच विचारलं, की अहो, सोनं तोलताय का.

त्याचं लक्षच नव्हतं. दोन महिने त्याने डोक्याचा भुगा करून घेतला होता. टर्नटेबल कोणतं, कार्ट्रिज कोणतं, सुई कोणती. त्याच्या स्वतःच्या दोनशे रेकॉर्डी प्लास्टिकच्या, बारीक खाचांच्या. ही एकच जुनी, जाड, भराभर फिरणारी. हिला रुंद टोकाची सुई लागते, नाहीतर खाच खरवडून निघते, हे त्याने दहा जणांना विचारून पक्कं केलं होतं. हयगय परवडणारच नव्हती. सासूबाई आयुष्यात एकदाच, लग्नाआधी, एका रेकॉर्डिंगच्या खोलीत गायल्या होत्या. या तबकडीच्या एकाच बाजूला, तीन मिनिटं. जगात त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता. सासऱ्यांचा जुना प्लेअर मोडून अकरा वर्षं झाली होती आणि सासूबाईंना जाऊन नऊ. म्हणजे त्या गेल्यापासून सासऱ्यांनी तो आवाज एकदाही ऐकलेला नव्हता.

काटा एकदाचा मनासारखा आला. आता फक्त रेकॉर्ड पुसायची होती, कारण न पुसता सुई टेकवणं म्हणजे या माणसाच्या लेखी पापच. त्यासाठीचं पाणीही तो स्वतःच बनवायचा, थोडं पाणी आणि बरंचसं स्पिरिट. वीस वर्षांत त्या पाण्याने त्याच्या एकाही रेकॉर्डच्या केसाला धक्का लागला नव्हता. त्याने ते सढळ हाताने ओतलं, पाच मिनिटं मुरू दिलं आणि पांढऱ्या फडक्याने गोल गोल पुसायला घेतलं.

फडकं काळंकुट्ट झालं. गडी खूश. बायकोला फडकं दाखवून म्हणाला, की बघ, किती वर्षांचा मळ बसला होता, आवाज दबून यायचा त्यात नवल काय. तिलाही ते पटलं. त्याने फडक्याची कोरी बाजू काढली आणि जरा जोर लावून पुन्हा पुसलं. पुन्हा काळं.

सासऱ्यांना हल्ली दिसायचं कमी. पण कपाटांना आणि खुर्च्यांना पॉलिश करण्यात त्यांचा जन्म गेला होता, तो वास त्यांना झोपेतही चुकला नसता. स्पिरिट कशाला काढलंय, असं त्यांनी विचारलं. जावयाने अगदी उत्साहाने सगळी कृती सांगायला सुरुवात केली. त्यांनी ती पुरी ऐकून घेतली नाही, नुसता हात पुढे केला. त्याने हातात फडकं दिलं. त्यांनी ते अंगठ्याने बोटावर चोळलं, बोट चिकटलं, तसं पुन्हा एकदा चोळलं.

"जावईबापू, हा मळ नाही," ते म्हणाले. "ही लाख आहे. पॉलिशला आम्ही ती स्पिरिटातच विरघळवायचो."

त्याला आधी काही कळलंच नाही. मग एकदम सगळं कळलं. जुन्या तबकड्या लाखेच्या. सुईची रुंदी, तिचा भार, दांड्याचा कोन, सगळं त्याने दहादा विचारलं होतं. पुसायची कशाने, हे तेवढं कुणालाच विचारलं नव्हतं, कारण ते त्याला येत होतं. तो दिव्याखाली वाकला. तबकडीची चकाकी गेली होती आणि खाचा एकमेकींत लिंपल्या होत्या.

"म्हणजे?" बायकोने विचारलं. उत्तराची तिला गरजच लागली नाही, ती होती तिथेच जमिनीवर बसली. तिच्याकडे बघायची त्याची छाती होईना.

सासरे म्हणाले, लावा. तो नको म्हणाला, बाबा, नका, म्हणाला. ते पुन्हा तेवढंच म्हणाले. मग त्याने सुई टेकवली, कुठे पडली तेही पाहिलं नाही.

खोलीभर खरखर पसरली. खडीवरून पोतं ओढत न्यावं तशी. तिच्याखाली आवाज नव्हता, सूर नव्हता, काहीच नव्हतं. तबकडी फिरत राहिली आणि सुई आत आत सरकत गेली. शेवटी लेकीला ते ऐकवेना. ती डोळे पुसत उठली आणि दांडा उचलायला तिने हात पुढे केला.

"राहू दे गं," सासरे म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते आणि मान स्पीकरकडे किंचित कलती केली होती. "तिला सुरू करायला जरा वेळ लागतो."