शिपाई भिवाचा रिपोर्ट

मेल येऊन तास झाला होता. उघडायची कुणाची छाती होत नव्हती.

इराकमध्ये रस्ता खणताना इंग्रजांच्या फौजेतल्या एका महार शिपायाचा सांगाडा निघाला होता. कवटीला गोळीचं भोक, गळ्यात पत्र्याचा बिल्ला. त्यावरून कळलं, की हा शिपाई भिवा कासारे. तिथली लढाई १९१८ सालची, म्हणजे मेला तेव्हाच. तिकडच्या कुठल्याशा कार्यालयाने वारस शोधत थेट परळ गाठलं आणि डीएनए जुळवायला तिथल्या राजरत्न कासारेच्या गालातली थुंकी कापसाच्या काडीवर नेली.

अडचण एवढीच होती, की राजरत्नचे पणजोबा भिवा कासारे १९२० साली लढाईवरून धडधाकट परत आले होते. मग त्यांनी लग्न केलं, चाळीस वर्षं गिरणीत काढली आणि चाळीतल्या याच खोलीत म्हातारे होऊन वारले.

"दुसराच कुणीतरी भिवाचं नाव लावून आला असणार," बाबा पुटपुटले. गेले सहा महिने कुणी 'ओ कासारे' अशी हाक मारली, की ते दचकत. "हाडं जुळली नाहीत, तर आपण कासारे नाहीच. खोली भिवाच्या नावावर. चाळ पाडून होणाऱ्या टॉवरमधला फ्लॅट त्या खोलीवर. माझा जातीचा दाखला, तुमचे दाखले..."

"मग आपण कोण?" राजरत्नने विचारलं.

"कुणीच नाही."

"अरे, रिपोर्ट आहे, बॉम्ब नाही," त्याची बहीण प्रिती वैतागली. "उघड ना यार!"

राजरत्नने एक डोळा मिटून मेल उघडला. दोनदा वाचला.

"जुळलं! सख्खे पणजोबाच! नव्याण्णव पूर्णांक नऊ टक्के!"

बाबा धपकन खाटेवर बसले. सहा महिन्यांनी पहिल्यांदा हसले. प्रिती तोंड गोड करायला साखरेचा डबा काढायला गेली आणि डब्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"बाबा, हे अठरा साली मेले ना? आजोबांचा जन्म तर चोवीस सालचा."

राजरत्नने मेल तिसऱ्यांदा वाचला.

"परत आला तो त्यांचा भाऊ असेल," राजरत्न कसाबसा बोलला.

"एकुलते होते ते," प्रितीने आठवण करून दिली.

"आपण भुतंबितं मानत नाही," बाबा ठामपणे म्हणाले, आणि स्वतःची नाडी बघायला लागले.