लाम बाईंचं शांघायचं घर

मिसेस लाम यांच्या दारावरची बेल वाजवायला मंदाकिनीताईंचा हात उठेना. शांघायहून व्हिटबीला घरी परतून चार दिवस झाले होते, आणि या शेजारणीला नेमकं काय सांगायचं, याची जुळवाजुळव अजून संपली नव्हती.

चीनची टूर ताईंच्या यजमानांनी, रवींद्ररावांनी, बुक केली होती. दोघांची, आणि त्यांच्या इंजिनियरी शिस्तीप्रमाणे वर्षभर आधी. मग जानेवारीत तेच वारले. ताईंनी घराबाहेर पडणंच सोडलं. जूनमध्ये टूर कॅन्सल करायला त्यांनी फोन हातात घेतला, तेवढ्यात मिसेस लाम खास व्हेज केलेलं सूप घेऊन आल्या.

"कॅन्सल? नो, नो!" त्या म्हणाल्या. "शांघायला शिनतियांदी म्हणून भाग आहे. तिथल्या गल्लीत माझं माहेर. दगडी चौकटीचं दार आहे. माझ्यासाठी एवढं करच. वरच्या मजल्यावर जा, मागच्या खिडकीतून बघ. मी आता कुठली जाते?"

ज्या बाईने सहा महिने सूप आणून दिलं, मुलीला लावून ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून घेतला, तिला नाही कसं म्हणणार? ताई गेल्या.

घर सापडलं. दगडी चौकट जागेवर होती, पण आत माहेर कुठलं! चकचकीत रेस्टॉरंट झालं होतं. एका बाजूला घड्याळांचं दुकान, दुसऱ्या बाजूला हँडबॅगांचं, आणि नुसत्या किमती वाचूनच घाम फुटावा. टेबल घेतल्याशिवाय दारातली मुलगी वर सोडेना.

मंदाकिनीताई जन्मात कधी हॉटेलात एकट्या बसल्या नव्हत्या. मेनूसुद्धा कायम रवींद्ररावच वाचायचे. पण शब्द दिला होता. त्या वर मागच्या खिडकीशी बसल्या आणि मश्रूमचे डंपलिंग मागवले. पहिलंच डंपलिंग चॉपस्टिकमधून निसटून थेट शेजारच्या टेबलावर जाऊन पडलं. तिथल्या दोन म्हाताऱ्या हसायला लागल्या, आणि ताईही हसल्या. अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग स्वतःचीच लाज वाटली. त्या बिचारीचं माहेर गेलं आणि आपण दात काय काढतोय!

खरं सांगितलं तर लाम बाईंचं काळीज फाटेल, दाराशी उभ्या ताईंना वाटलं. शेवटी त्यांनी बेल वाजवली.

"सापडलं?" मिसेस लाम यांनी दारातच विचारलं.

ताईंनी नारळाच्या वड्यांचा डबा त्यांच्या हातात दिला आणि एका दमात खोटं सांगून टाकलं. "अगदी आहे तसंच आहे. एक कुटुंब राहतं. वरच्या खिडकीत कुंड्या आहेत." पुराव्याला मोबाईलवर दगडी दाराचा फोटो होताच.

मिसेस लाम यांनी फोटो ओझरता पाहिला. "पण तू काही खाल्लंस की नाही?"

"खाल्लं ना. समोरच एक रेस्टॉरंट होतं." आणि उडालेल्या डंपलिंगचा किस्सा ताईंच्या तोंडून निघूनच गेला. सांगतासांगता पुन्हा हसू फुटलं.

मिसेस लाम यांचे डोळे भरून आले. ताईंचे दोन्ही हात धरून त्या नुसतं "थँक यू, थँक यू" म्हणत राहिल्या, आणि डोळे पुसत चहा ठेवायला आत गेल्या.

ताईंनाही भरून आलं. परक्या देशात अशी शेजारीण मिळाली, हे आपलं भाग्यच. सोफ्यावर मिसेस लाम यांची मुलगी ग्रेस बसली होती. तिच्या कानाशी वाकून ताई म्हणाल्या, "ग्रेस, आईला कळू देऊ नकोस हं. तिच्या शांघायच्या घराचं रेस्टॉरंट झालंय."

ग्रेस गोंधळली. "व्हॉट हाऊस, आंटी? वी आर फ्रॉम हाँगकाँग. मॉम शांघायला कधीच गेलेली नाही. तिने माझ्याकडून फक्त तिथलं एक नाइस रेस्टॉरंट शोधून घेतलं होतं, जिथे एकट्या बाईला निवांत बसून जेवता येईल."