भुसा

झाकणाचा शेवटचा बोल्ट अडला होता. मिस्त्रीने पान्यावर हातोडीचा ठोका दिला आणि श्रीकांतने नजर दुसरीकडे वळवली.

कंपनीच्या वर्कशॉपात पत्र्याच्या शेडखाली ती चेपलेली गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली होती. जहीराबादच्या रस्त्यावर हिची मागची चाकं धावता धावता जाम झाली, गाडी उलटली, आणि श्रीकांतचा धाकटा भाऊ राहुल दवाखान्यात पोचलाच नाही. कंपनीने कळवलं : चालकाने वाहन बेदरकारपणे चालवले. ते पत्र वाचून राहुलची बायको स्वाती जी उठली, ती ग्राहक मंचापर्यंत गेली. हीच गाडी घेतलेले आणखी चौघे तिने शोधून काढले. सगळ्यांचं म्हणणं एकच : मागच्या चाकांना फिरवणारा तो लोखंडी गोळा, डिफरन्शियल, मुळातच सदोष आहे. आज तो सगळ्यांसमक्ष उघडायचा होता. आत तेल चांगलं आणि दाते तुटलेले निघाले, की दोष कंपनीचा. राहुलवरचा बट्टा पुसला जाणार होता.

"माझी तर साठच्या वर गेली की कव्वाली गाते," अंबाजी म्हणाले. तक्रारदारांतले तेवढेच आज आले होते, सुलतान बाजारातलं कापडाचं दुकान पोरावर सोडून. "शोरूमवाले म्हणतात, नवी आहे, रुळेल. अरे मियाँ, इतक्या दिवसांत सूनसुद्धा रुळते."

स्वाती हसली. अपघातानंतर श्रीकांतने तिला आज पहिल्यांदा हसताना पाहिलं.

ही गाडीही अशीच गायची. कागदोपत्री ती श्रीकांतची, चालवायचा राहुल. शोरूमच्या खेपा घालून दोघे कंटाळले आणि विकून टाकायचं ठरलं. तेव्हा नारायणगुड्याचा दलाल श्रीकांतला बाजूला घेऊन म्हणाला, "बुरादा डलवा देतूँ साब. आवाज बंद. गिऱ्हाईक कू क्या मालूम पडता?" लाकडाचा भुसा तेलात कालवून त्या गोळ्यात भरला. गाडी मुकी झाली. राहुलला श्रीकांतने हे सांगितलं नाही. राहुलने करू दिलं नसतं. गिऱ्हाईक सोमवारी येणार होतं. रविवारी श्रीकांत घरी नसताना राहुल गाडी घेऊन गेला.

श्रीकांत नववीला विज्ञान शिकवतो. लाकूड तेलात विरघळत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी इतक्या महिन्यांत, त्या उष्णतेत, काही उरलं नसेल असं तो विद्यानगरहून इथवर रिक्षात स्वतःला समजावत आला होता. स्वातीला थांबवायचं, तर का थांबवायचं ते सांगावं लागलं असतं.

झाकण निघालं. ट्रेमध्ये तेल आलं नाही. काळी, दाट लापशी आली.

कंपनीचे इंजिनिअर पेठे पुण्याहून आले होते. कमरेचा पेजर सावरत ते वाकले. चिमूटभर लगदा त्यांनी बोटांत चोळला, वास घेतला.

"बुरादा है साब," मिस्त्री म्हणाला.

"यात भुसा भरलाय," पेठे सावकाश म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

स्वाती पुढे झाली. "पण दाते तुटलेत. हे बघा ना. दोन तर दिसतायत."

"तुटलेत. पण बाई, मुळात कच्चे होते म्हणून तुटले, की भुशाने तेल पोचलं नाही म्हणून, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मीही नाही."

"आणि आमच्या गाड्या?" अंबाजींनी विचारलं.

"त्याही उघडाव्या लागतील. त्यांत काय काय घातलंय, ते आधी बघावं लागेल."

"हौ. म्हणजे आता आम्ही सगळेच चोर." अंबाजींनी स्वातीकडे पाठ फिरवली. रुमालाने मान पुसत फाटकाकडे चालू लागले.

स्वाती वळली. "भाऊजी, तुम्ही शिकवता हे सगळं. लाकूड आत गेलंच कसं? आपोआप जातं का?"

तिचा विश्वास इतका सरळ होता, की श्रीकांतला तिच्याकडे बघवेना. "आपोआप नाही जात," तो म्हणाला. मग जरा थांबून, "विकायची होती ना. राहुलने घातला असेल."

मिस्त्रीने मान हलवली. असं करतातच लोक.

कंपनीचा कारकून टाचणवही सरसावून उभा होता. "काय लिहू सर? भुसा कुणी घातला?"

पेठ्यांनी श्रीकांतकडे पाहिलं. "मालक तुम्ही आहात. मयत चालकाने घातला, असं लिहून घेऊ?"

"घ्या," श्रीकांत म्हणाला.

कारकून लिहू लागला. स्वाती ट्रेपाशी उकिडवी बसली. तिने बोट लगद्यात बुडवलं आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिली. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. ती कुणाकडे बघतही नव्हती.

"निघताना किती खूश होते हे. म्हणाले, आवाज गेला बघ. आता कशाला विकायची?"