सात नंबरची घंटा

"दुसरा वायरमन नाही का मिळणार, साहेब?" सिस्टरने तिसऱ्यांदा विचारलं. "काकांना नको."

चौकशीला आलेल्या साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "का? काका काय शोधून काढतील, याची धास्ती वाटते?"

सिस्टर काही बोलणार होती. शिडी घेऊन दारात उभ्या असलेल्या वायरमनने किंचित मान हलवली, तशी ती गप्प झाली.

"मीच बघतो," तो म्हणाला. "इथलं सगळं वायरिंग माझ्या हातचं आहे."

शुश्रूषागृहात बारा खोल्या होत्या. प्रत्येक पलंगाशेजारी एक कळ. ती दाबली की सिस्टरच्या टेबलामागच्या फलकावर त्या खोलीचा दिवा लागायचा आणि घंटा वाजायची. अकरा दिवसांपूर्वी पहाटे सात नंबरमधली बाई गेली. श्वास अडकला होता. सापडली तेव्हा तिचा अंगठा कळेवर होता. सिस्टर सांगत होती, मी टेबलापाशी जागी होते, घंटा वाजलीच नाही. मुख्य कार्यालयाला ते पटत नव्हतं. त्यांनी खोलीला कुलूप घातलं, किल्ली नेली आणि आज हे साहेब ती घेऊन पहिल्यांदाच इथे आले होते.

"घंटा चांगली निघाली तर सिस्टर झोपल्या होत्या," साहेब म्हणाले. "मग ही नोकरी गेली आणि पुढे कुठलंच हॉस्पिटल त्यांना दारात उभं करणार नाही. सरळ गोष्ट आहे."

वायरमनने पिशवी उघडली. तोही अकरा दिवसांनी आजच कामावर आला होता. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली होती.

"काही खाल्लंत का सकाळी?" सिस्टरने हळूच विचारलं.

"खाल्लं," तो म्हणाला. ते खोटं आहे हे तिला दिसत होतं.

साहेबांनी खोलीत जाऊन कळ दाबली. फलक गप्प. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला. "बिघाड आहे खरा. पण अकरा दिवसांपूर्वी होता की बंद खोलीत नंतर झाला? कुठे आहे आणि कशामुळे, ते मला पाहिजे."

वायरमनने लांबच्या टोकापासून सुरुवात केली. आधी फलकावरचा सातचा दिवा काढून सहाच्या जागी बसवला आणि सहा नंबरच्या आजोबांना कळ दाबायला सांगितली. दिवा लागला, घंटा वाजली.

"आले का कोणी?" आजोबा आतून ओरडले.

"तपासतोय, आजोबा."

"तपासा, पण माझी बंद करू नका. दिवसातून दोनदा सिस्टर रागवून जातात, तेवढीच सोबत."

सिस्टरच्या ओठांवर हसू आलं आणि लगेच विरलं.

दिवा चांगला होता. वीज पुरेशी येत होती, मीटरचा काटा चोवीस व्होल्टवर स्थिर होता. मग तो व्हरांड्यात शिडीवर चढला. तिथल्या तारा जोडायच्या डबीत सात नंबरच्या दोन तारा होत्या. त्यांची टोकं त्याने एकमेकांना टेकवली. घंटा वाजली.

"म्हणजे?" साहेबांनी खालून विचारलं.

"डबीपासून फलकापर्यंत लाइन ठीक आहे. दोष डबी आणि पलंगाच्या मध्ये आहे."

तो सावकाश उतरला. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत. साहेब तोवर फाइल चाळत होते.

"या सात नंबरच्या तक्रारी बऱ्याच दिसतात. पेशंटचा हात कापायचा, कळ आपोआप दाबली जायची. दिवसाला चाळीस-चाळीस वेळा. शेजारच्या खोल्या वैतागल्या होत्या. घरच्यांना पत्रही गेलंय, पंधरा दिवसांत पेशंट दुसरीकडे हलवा म्हणून." त्यांनी पान उलटलं. "चाळीस वेळा कोण धावत जात होतं?"

"मी," सिस्टर म्हणाली. "दरवेळी."

वायरमन सात नंबरमध्ये गेला. पलंगावर घडी घातलेली चादर होती. तिच्याकडे न बघता तो गुडघ्यांवर बसला. कळेचं झाकण उघडलं, मीटर लावला. कळ चांगली होती, वायरही चांगली होती. राहिली ती फक्त पलंगामागची भिंतीवरची पट्टी, जिच्याआड तारा स्क्रूने जोडलेल्या होत्या.

पट्टीचे दोन स्क्रू काढायला त्याला फार वेळ लागला. स्क्रूड्रायव्हर दोनदा खाचेतून निसटला.

"एवढा वेळ का लागतोय तुम्हाला?" साहेब म्हणाले. "सिस्टरची काळजी वाटते? वाटू द्या, पण आत जे असेल ते मला दिसलंच पाहिजे."

पट्टी निघाली. साहेब वाकले. एक तार स्क्रूखाली होती. दुसरी बाजूला वळवून ठेवलेली, टोकाला काळी टेप नीट गुंडाळलेली.

"ही निखळलेली नाही," साहेब म्हणाले.

"नाही. काढलेली आहे. निखळलेल्या तारेला टेप नसते."

साहेबांनी फोटो काढला आणि ते सिस्टरकडे वळले. "चाळीस वेळा उठून कंटाळा आला, होय ना? आता हे नोकरीवर भागणार नाही. पोलिसांत जाईल."

सिस्टर भिंतीला टेकली. "मी हात नाही लावला, साहेब." मग तिची नजर त्या टेपवर गेली, तिथून वायरमनकडे गेली आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

साहेब लिहायला लागले होते.

"त्यांचं नाव नका लिहू," वायरमन खाली बसूनच म्हणाला.

"मग कोणाचं लिहू?"

"माझं. आदल्या संध्याकाळी मी काढली तार, एक रात्र तरी तक्रार नको म्हणून. सकाळी येऊन परत जोडणार होतो."

साहेबांचं पेन थांबलं. "तुम्ही? वायरमनने येऊन परस्पर घंटा बंद करायची? तुमचा या पेशंटशी संबंध काय?"

वायरमनने पलंगाच्या कडेला हात टेकून उठायचा प्रयत्न केला. सिस्टरने पुढे होऊन त्याचा दंड धरला.

"बायको होती माझी," तो म्हणाला.