शेजारच्या गावात गेलेलं गाव

दुबईत अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये हाजराबी मासे साफ करत होत्या आणि नात कशफ शाळेचा प्रोजेक्ट मोठ्याने वाचत होती. नॉर्वेतल्या एका खाडीवरची नगरपालिका. दोन्हीकडे उभे डोंगर, मध्ये खोल पाणी. शंभरेक वर्षं तिने कारभार केला, मग तिला शेजारच्या मोठ्या नगरपालिकेत विलीन करून टाकलं.

"का गं? बुडाली की काय?"

"नो दादी, माणसं कमी झाली."

"म्हणून गावाचं नावच पुसलं? शहाणेच दिसतात!"

मुलगा मुबीन हसला. "अम्मा, कोकणात आपल्या खाडीपलीकडच्या गावात तरी कोण उरलंय? विकून टाकू तिथलं घर."

"कोण उरणार? पहिला तूच विमानात बसलास."

हाजराबींनी सुरी ठेवली, कंबर धरून भिंतीला टेकल्या.

"कशफ, तिथल्या मेलेल्यांना पुरतात कुठे? मोठ्या गावात?"

"नो, ओल्ड चर्चपाशीच. अजून बोटीने नेतात."

मुबीन मोबाईलमध्ये बघत राहिला.

"वीक बाबा घर," हाजराबी थकल्या आवाजात म्हणाल्या. "तुझ्या अब्बांच्या कबरीशेजारची जागा तेवढी माझी आहे. होडीवाल्याला आत्ताच सांगून ठेव."