पंखा फिरतोय का

फ्रीजरमधल्या पंख्यात बर्फ अडकला होता. थोरल्यानं सांगितलं तसा दिवसभर फ्रीज बंद ठेवून मी तो वितळवला. संध्याकाळी त्याचा आपणहून फोन आला.

"आई, आता चालू कर. दाराजवळचं बटण बोटानं दाबून धर. फिरतोय का पंखा?"

पंखा भिंगरीसारखा फिरत होता.

"नाही रे. तू जेवलास का?"

"आधी पंखा बघ. नीट दाब."

"तुम्हा तिघांना वाढवलं मी, एक बटण दाबता येत नाही होय मला? सूनबाईचा खोकला कसा आहे?"

"बरा आहे. फिरला?"

"नाही."

"मग उद्या मेकॅनिक पाठवतो."

"नको," मी म्हटलं, "फिरला बघ आत्ता."

"झालं तर मग," म्हणाला, आणि ठेवलान् फोन.