बाजेच्या काठावर

बाबा गेले, त्या आठवड्यापासून त्यांचा कुत्रा भुऱ्या रिकाम्या बाजेखाली मान टाकून पडून होता. भाकरीकडे वळताना कण्हायचा. ती तशीच राहायची. बसायला येणारे गहिवरत, "मालकासाठी उपाशी हाये बिचारा." आईला त्याचीच सोबत वाटे. पुढचे पाय लटपटू लागले, तेव्हा लेकीनं त्याला बाळापूरहून अकोल्याला नेलं. "हा सुतक पाळत नाही, ताई. मानेच्या मणक्यांतली गादी सरकून नस दाबली गेलीय," डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रिया झाली, दुखणं थांबलं. घरी आणल्यावर भुऱ्यानं मान उचलली आणि पूर्वीसारखी हनुवटी बाजेच्या काठावर टेकवली. बाबा तिथंच त्याला कुरवाळायचे. "आता शोधून राह्यला तो त्याईले," आई म्हणाली. "तू तरी हात फिरव वं." लेकीनं हात पुढे केला. भुऱ्यानं तो हुंगला, चाटला, आणि हनुवटी सरकवून बाबांच्या रिकाम्या जागेवर ठेवली.